उजवीकडची दुसरी खिडकी

इंग्रजांच्या अमदानीत माझे बाबा जबलपुरात इमारतींचे नकाशे काढायचे. पाटणच्या वाटेवर एका मालगुजारांनी, म्हणजे तिथल्या जमीनदारांनी, कोठी बांधायला घेतली आणि बाबांपुढे चित्रांचं एक पुस्तक टाकलं. त्यात फ्रान्समधल्या कुणा सरदाराचा खेड्यातला महाल होता. जुन्या रोमन देवळांसारखे चार खांब, वर त्रिकोणी माथा, आणि डावी बाजू उजवीच्या तंतोतंत जोडीची. हुबेहूब हेच पाहिजे, असा हुकूम झाला. बाबा त्यापायी वेडेच झाले. चुन्यात गूळ, बेलफळ आणि भेडाघाटच्या संगमरवराची भुकटी घालून त्यांनी ते खांब असे घोटून घेतले की हात लावला तर दगडच वाटावा.

अडचण एकच आली. पुढच्या भिंतीत एका ठिकाणी नोकरांचा अरुंद जिना जात होता, तिथे खिडकी होईना. खिडकी नसली की जोडी मोडते. मग बाबांनी तिथे खोटी खिडकी केली. बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या अर्धवट उघड्या झिलमिली, त्यांच्यामागची भिंत काळी रंगवलेली, आणि आत खोलीतही बंद झडपांची चौकट. यातली खोटी कोणती, हा खेळ ते येईल त्याच्याशी खेळायचे. मी तेव्हा नऊ वर्षांची. मी डावीकडची दुसरी दाखवली. बाबा नुसते हसले. मला वाटलं, बरोबर आलं.

बाबांचं उरलंसुरलं काम चालू होतं, म्हणून आम्हीही कोठीच्या आवारातच राहत होतो. कोठीत मालगुजारांचं बिऱ्हाड येऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तोच मालगुजारांच्या धाकट्या सूनबाई बाळंत झाल्या. माझी वेणी घालता घालता त्या मला नागपूरच्या गोष्टी सांगायच्या. माझा फार जीव होता त्यांच्यावर. दिवस पौषाचे. वारा लागू नये म्हणून त्यांना उजवीकडची दुसरी खोली दिली, आतल्या खिडकीवर जाड गोधडी टांगली आणि खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली. आमच्याकडे बाळंतिणीला वारा म्हणजे वैरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुईण बाळाला तेल लावायला उन्हात घेऊन निघाली. मी दाराशीच होते. सूनबाई आतून म्हणाल्या, डोकं जड झालं, गरगरून राहिलं. सुईण शहाणी बाई. कोळशाची वाफ कोंडू नये म्हणून गोधडीमागची खिडकी थोडी तरी उघडी असावी, असं तिला वाटलं. गोधडी उचलली तर वारा लागेल, म्हणून तिने मला बाहेरून पाहून यायला सांगितलं. मी धावत गेले, पाहिलं आणि परत आले.

"खुली है," मी छातीठोकपणे सांगितलं. खोटी डावीकडची, हे मला ठाऊकच होतं ना.

तिने शेगडीत आणखी दोन मुठी कोळसे टाकले आणि दार ओढून घेतलं. तेल, आंघोळ, ओव्याची धुरी, सगळं करून ती बाळाला आत घेऊन गेली, तेव्हा सूनबाई गेलेल्या होत्या.

बाळंतरोग, असं सगळे म्हणाले. बाबा दुपारी सिहोऱ्याहून चुना घेऊन आले. त्यांनी मला खांबाआड नेलं आणि सकाळपासूनचं सगळं विचारलं. मी सांगितलं.

"मी हसलो होतो न त्या दिवशी," ते म्हणाले. "खोटी उजवीकडची, हे तुले सांगायले पाहिजे होतं." मग म्हणाले, "कोणाले बोलू नको."

माझे बाबा भित्रे होते, आणि मीही तशीच निघाले. सुईणीच्या हाताला यश नाही म्हणून तिला पुढे कुणी बोलावलं नाही, तरी आम्ही बापलेक गप्पच राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी त्या कोठीवर गेले. खांबांच्या चुन्याला पोपडे आले होते. ते बाळ आता मिशीवाला मालक झालं होतं आणि पाहुण्यांना मोठ्या हौसेने घर दाखवत होतं. त्याने मलाही अंगणात उभं केलं.

"मावशीजी, ओळखा पाहू, यातली खोटी खिडकी कोणती?"

मी डावीकडची दुसरी दाखवली. तो हसला, थेट बाबांसारखा.