शिंकेला दिलेला आशीर्वाद

मीराच्या प्रवेशासाठी आम्ही पाहत होतो ती ही तिसरी शाळा. बाईंनी रंगांचा तक्ता मीरापुढे धरला, आणि घरी घोटून घेतलेलं सगळं विसरून आमची पोरगी ढिम्म बसली. तेवढ्यात बाईंना सणसणीत शिंक आली. मीरा गंभीरपणे म्हणाली, "शतंजीव!"

ती शिंकली की घरी आम्ही म्हणतो तसंच. आपण मुलांना शिकवायला बसतो, तोवर ती आपल्याकडून भलतंच काही शिकून मोकळी झालेली असतात.

बाईंनी तक्ता बाजूला ठेवला. "आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

मैदान, बस, सगळं विचारायचं ठरवून गेलो होतो. ताठ मानेने एवढंच म्हणालो, "हिला इथेच घालायचंय."