गोलकीपरचं आडनाव

"तू गोलमध्ये उभी राहा. बॉल नाल्यात गेला की तूच काढ. तुमच्याकडे सवय असते."

हे बोलणारे आमचे पीटीचे सर. मी सातवीत. तालुक्याच्या गावातली शाळा, मागे मैदान, मैदानाच्या टोकाला नगरपालिकेचा उघडा नाला. दोन बांबू रोवून गोल केलेला, तो बरोबर नाल्याच्या काठावर. सर हसत बोलले. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं, घरी सांगता आलं असतं. पोरी हसल्या. मी पण हसले. सातवीतल्या पोरीला दुसरं काय येतं?

माझा बाप नगरपालिकेत सफाई कामगार. गावची गटारं त्याच्या हातची. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

बॉल नाल्यात जायचा. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून उतरायची. बॉल काढायचा, नळावर धुवायचा. तरी माझ्या हातातून कुणी घ्यायचं नाही. सर म्हणायचे, मातीत लोळव आणि मग दे. धुतलेला बॉल मी मातीत लोळवायची. माती चालायची त्यांना. माझा हात नाही.

एकदा बाबा हातगाडी घेऊन तिकडून चालले होते. मी नाल्यात, घोटाभर काळ्या पाण्यात. त्यांनी पाहिलं. थांबले नाहीत. घरी आल्यावर जेवताना एवढंच म्हणाले, "मी उतरतो ते पुरे. तू उतरू नको."

सरांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग एकच वाट उरली. बॉल नाल्यात जाऊच द्यायचा नाही. मी आडवी पडायला शिकले. छातीवर घ्यायला शिकले. पोरी म्हणायच्या, हिला गोल वाचवायची भारी हौस. गोलचं कुणाला पडलं होतं? मला त्या पाण्यात पाय घालायचा नव्हता.

पुढे शिकले. लॅबचं शिक्षण घेतलं. स्कॉलरशिप मिळाली, मेलबर्नला आले, क्लेटनमध्ये खोली घेऊन मास्टर्स केलं. मग सिडनी. वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, राहायला जवळच्याच गिरावीन उपनगरात आले. गिरावीनमध्ये रस्त्यावर मराठी ऐकू येतं. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

हॉस्पिटलात ईफा नावाची आयरिश नर्स होती. ती आयरिश लोकांच्या क्लबातून गेलिक फुटबॉल खेळायची. त्यांची गोलकीपर व्हिसा संपला म्हणून मायदेशी परतली होती. ईफाने कँटीनमध्ये मला विचारलं, कॅच करता येतं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, शनिवारी ये.

आपल्याकडे हा खेळ कुणाला माहीत नाही. बॉल व्हॉलीबॉलएवढा, पण जड. हातात घ्यायचा, पळायचं, लाथेने किंवा मुठीने मारायचा. गोलचे खांब खूप उंच, मधे आडवी दांडी. दांडीच्या वरून बॉल गेला तर एक पॉइंट. खालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन. दांडीखाली जी उभी असते ती मी.

पहिल्या शनिवारी मी एकही बॉल आत जाऊ दिला नाही. पण आमचा कोच डेक्लन खूश नव्हता. तो बांधकामाच्या साइटवर सुतारकाम करतो, आवाज सगळ्या मैदानभर. तो म्हणाला, तू मुकी आहेस. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, बाकीच्यांना दिसत नाही. तू ओरडून सांगायला पाहिजेस, कोण मोकळी आहे, कुणी मागे यायचं. गप्प राहिलीस तर नुसत्या हातांनी किती वाचवशील?

मला ओरडता येईना. खरंच येईना. लहानपणापासून आईने एकच शिकवलेलं, हळू बोल, कुणाच्या डोळ्यावर येऊ नको. तोंड उघडायची आणि आवाज घशातच राहायचा. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून ओरडायचा सराव केलाय. शेजारच्या गुजराती काकू विचारायला आल्या, सब ठीक है ना बेटा?

मग एका सामन्यात समोरची पोरगी एकटीच पळत आली आणि आमची एक जण भलतीकडे चालली होती. माझ्या तोंडून आवाज निघाला. इंग्लिशमध्ये नाही, मराठीत. "मागे फीर!" मराठी कुणाला कळणार, पण सगळ्या मागे फिरल्या. त्या दिवसानंतर मी गप्प बसले नाही.

तिथे सगळं गोड होतं असं नाही. इंडियन पोरगी बघून बाउंड्रीवरून लोक ओरडायचे, क्रिकेट तिकडे चाललंय, पोरी. मी ऐकून घ्यायची आणि पुढचा बॉल अडवायची. हळूहळू ते थांबलं. थांबणारच होतं, कारण माझ्याकडून बॉल आत जातच नव्हता. अख्खा एक सीझन गेला, दुसराही बराच सरकला, आणि मी एकही गोल खाल्ला नव्हता. पॉइंट गेले, ते वरून जातात, कुणाच्या हातात नसतं. गोल नाही. मग कळलं की राज्याच्या लीगमध्ये इतके सलग सामने असं कुणी केलेलं नव्हतं. एका बाईचं जुनं रेकॉर्ड होतं, ते माझ्या हातून मोडलं.

रेकॉर्ड मोडलं त्या सामन्याला ती बाई आली होती. आता आजी झालेली, काठी घेऊन चालणारी. ड्रेसिंग रूममध्ये येऊन तिने माझा हात हातात घेतला. माझ्या हातमोज्यांना चिखल होता. तिने पूर्ण नाव विचारलं. आडनाव तिला बोलता येईना. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं, अगदी नीट जमेपर्यंत सोडलं नाही. म्हणाली, माझ्या जागी कोण आलं ते मला बरोबर म्हणता यायला पाहिजे.

माझं आडनाव इतक्या वेळा, इतक्या मायेने, कुणी घेतलं नव्हतं.

इंग्लिश लोकल पेपरात फोटो आला आणि गिरावीनमधल्या मराठी मंडळाला मी सापडले. मंडळाच्या अध्यक्ष मृणालताई. डॉक्टर, मोठ्या हुद्द्यावर, पुण्याच्या. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. आपली मराठी मुलगी, आपला अभिमान, म्हणाल्या. त्यांच्या पुढाकाराने शनिवारी सकाळी पार्कमध्ये माझं मुलींसाठी या खेळाचं ट्रेनिंग सुरू झालं. मराठी घरांतल्या मुली यायला लागल्या. मृणालताईंची इरा पण. इराचे हात चांगले होते. मी मराठीत सांगायची, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आमचं छान चाललं होतं.

त्या जेवणाच्या दिवशी पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा मृणालताई क्षणभर थांबल्या होत्या. मग गाव कुठलं विचारलं. गावात कुठे? बाबा काय करायचे? मी सरळ सांगितलं, नगरपालिकेत सफाई कामगार, आता रिटायर झालेत. "हो का, छान छान," म्हणाल्या आणि मुलांना आइस्क्रीम द्यायला उठल्या. मला त्यात काही दिसलं नाही. गोलसमोर उभं राहून मला सगळं दिसतं. तिथे दिसलं नाही.

वर्षअखेर मंडळाचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये. माझा सत्कार ठेवला होता. भाषणात शाळेतल्या नाल्याची गोष्ट सांगणार, हे मी मृणालताईंना आधीच कळवलं होतं. मी साडी नेसले, क्लबचं जॅकेट वर घातलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मृणालताईंनी मला स्टेजच्या बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ.

"परिचयात आपण नुसतं पहिलं नाव घेऊ. आडनाव नको. आणि ते नाल्याचं वगैरे तू बोलणार होतीस ना, ते पण नको. पुण्याच्या सुसंस्कृत कुटुंबातली, असं म्हणतोय आम्ही."

मी म्हटलं, "पुण्याची नाही मी."

"अगं, इथे सगळ्यांना पुणं कळतं."

"आणि आडनाव का नको?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुझ्याच भल्यासाठी सांगते. मला काही फरक पडत नाही. पण पालक आहेत, मुली तुझ्याकडे पाठवतात. त्यांना अवघडल्यासारखं नको व्हायला."

खांद्यावरचा हात तसाच होता. मी तो उचलून खाली ठेवला.  सर हसत बोलले होते, या मायेने बोलत होत्या. समुद्र ओलांडून आले होते मी. हे माझ्या आधी येऊन बसलं होतं.

निवेदकाने मला नुसत्या पहिल्या नावाने पुकारलं. पुण्याच्या एका सुसंस्कृत मराठी कुटुंबात वाढलेली. टाळ्या. शाल, श्रीफळ, काचेची ट्रॉफी टेबलावर मांडलेली. मी स्टेजवर गेले. माइक पुढे केला त्यांनी. मला माइकची गरज नव्हती.

मी पूर्ण नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. मैदानावर बोलते त्या आवाजात. मग म्हटलं, मी पुण्याची नाही. माझा बाप गटारं साफ करायचा आणि मी गोलकीपर झाले ते नाल्यात उतरायचं नव्हतं म्हणून. आत्ता मला सांगण्यात आलं की आडनाव घेतलं तर पालकांना अवघडल्यासारखं होईल. ज्यांना होतंय त्यांनी हात वर करा.

कुणी हात वर केला नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. पुढच्या रांगेतले एक काका फोन बघायला लागले. इरा आईकडे बघत होती आणि आई स्टेजच्या पडद्याकडे.

मी खाली उतरले. शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही, ट्रॉफीही नाही. मी दारापाशी पोचले तेव्हा निवेदक म्हणत होता, चला मंडळी, आता लहान मुलांचं नृत्य.

कार पार्कमध्ये एक बाई धावत मागे आली. तिची मुलगी माझ्याकडे ट्रेनिंगला यायची. तिने मला गाडीच्या आडोशाला ओढलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आम्ही पण तुमच्यातलेच. फक्त कुणाला सांगू नका." इकडे येऊन आडनाव बदललेलं होतं. मुलीला अजून सांगितलं नव्हतं. ती रडत होती. मी सांगणार नाही म्हटलं. सांगितलं नाही, आणि तिला दोषही देत नाही. पण गाडीत बसल्यावर तीच डोक्यात होती.  एवढी शिकलेली बाई, चांगल्या नोकरीची, स्वतःच्या मुलीपासून स्वतःच्या बापाचं नाव लपवून बसलेली. हे कुणी केलं तिचं? नुसत्या मऊ आवाजांनी केलं.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "स्टेजवरून तू उतरलीस, का त्यांनी उतरवलं?"

"मी उतरले."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

मृणालताईंचा मेसेज आला. "इथे जात कोण मानतं? तूच आणलीस ती हॉलमध्ये. सगळ्यांची दुपार घालवलीस." मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकला होता तो, त्याच्यावर अंगठे आले. मी ग्रुप सोडला नाही. त्यांनी काढलं.

सोमवारी ट्रेनमध्ये ईफाने विचारलं, आडनावात असं काय असतं? मी समजावत बसले. मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. म्हणाली, आमच्याकडे उत्तर आयर्लंडमध्ये नाव ऐकून लोक ओळखतात तू कॅथलिक की प्रोटेस्टंट, आणि माझ्या आजोबांना त्यावरून काम नाकारलेलं. मग म्हणाली, तरी आम्ही नाव बदललं नाही. 

पुढच्या शनिवारी पार्कमध्ये मुली निम्म्याही नव्हत्या. कुणाची ट्यूशन निघाली, कुणाचं भरतनाट्यम. इरा आली नाही. तिचं मला लागलं, खोटं कशाला बोलू. पार्कचं बुकिंग मंडळाच्या नावावर होतं, ते त्यांनी रद्द केलं. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, गेले आणि स्वतःच्या नावावर घेतलं. काउंटरवरच्या पोरीने आडनावाचं स्पेलिंग विचारलं. एक एक अक्षर सांगितलं.

त्याच्यापुढच्या सीझनला मी गोल खाल्ला. पेनल्टी. डावीकडे झेपावले, बॉल उजवीकडून गेला. जाळीतून बॉल काढून मी पुढे मारला आणि सामना चालू राहिला. एवढंच झालं. गिरावीनमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे, बरी मस्ती उतरली. कळलं मला, या गावात सगळं कळतं. त्यांना वाटतं मी रेकॉर्डच्या जोरावर बोलले होते. रेकॉर्ड नसतं तरी बोलायला पाहिजे होतं. सातवीत बोलायला पाहिजे होतं.

आता ट्रेनिंगला पंजाबी मुली येतात, तमिळ येतात, एक लेबनीज आहे, मराठी थोड्या. पालक चौकशीला येतात तेव्हा मी त्यांच्या विचारण्याची वाट बघत नाही. हात पुढे करते आणि पूर्ण नाव सांगते. काही जणांचा चेहरा बदलतो, मला दिसतं. ते गाडीकडे परत जातात तर जाऊ देत. मी हाक मारणार नाही, हळू बोलणार नाही, आणि गिरावीन सोडून कुठेही जाणार नाही. शनिवारी सकाळी हे मैदान माझ्या नावावर आहे. ज्याला चालत नसेल त्याने दुसरं शोधावं.