खरचुडीचा कंद

सोनाजीला कुणी चित्रकार म्हटलं की तो लाजून चूर व्हायचा. कॉलेजच्या बागेतला माळी तो! मूळचा कन्नडच्या घाटाकडचा धनगर, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पण पेन्सिल हातात आली की पानाची एक शीर सुटेल तर शपथ! चौसष्ट साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नानासाहेब घाटातल्या झाडावेलींचं पुस्तक करत होते आणि त्यातली एकूण एक चित्रं सोनाजीची. चित्राखाली नाव छापणार म्हणून गडी घरभर सांगत सुटला होता. बायको मंजुळाबाई तर अख्ख्या गल्लीला.

शेवटचं चित्र खरचुडीचं. इवल्या कंदिलासारखी फुलं धरणारी नाजूक वेल. घाटात हिंडून हिंडून सोनाजीला एकच सापडली. तिच्यापुढं दिवसभर मांडी ठोकून बसला. पान, फूल, कळी सगळं उतरवलं.

"कंद कुठाय?" नानासाहेब कडाडले. "कंदाशिवाय चित्र अपुरं. जा, खणून आण. नाहीतर हे पान पुस्तकात नाही."

आता कंद खणला की वेल मेली, हे काय सांगायला हवं? दोन दिवस सोनाजीला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्यानं चित्र पुढं ठेवलं. वेलीखाली कंद होता, चपटा, बारीक मुळ्यांचा, अगदी हुबेहूब.

"शाब्बास! आणलास का खणून?"

"नाय साहेब. वेल हाय तिथंच हाय."

झालं! नानासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वस्तू समोर नसताना रेघ ओढायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. "म्हणजे मनानं काढलास? ही लबाडी झाली, सोनाजी!"

आजवर त्याला लबाड कुणी म्हटलं नव्हतं. बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

"मनानं कशाला, साहेब? मेंढरांमागं भूक लागली की आमी पोरं हेच उकरून खायचो. किती खाल्ले, गणती नाय." त्यानं मान खाली घातली. "तवा घाट भरलेला व्हता. आमीच खाऊन संपवला. आता एक उरलीय. ती बी म्याच उपटू?"

नानासाहेब लई हट्टी माणूस, पण काळीज ठिकाणावर होतं. त्यांनी चित्र पुढ्यात ओढलं. मग पेन उघडून त्यांनी खाली सोनाजीचं नाव लिहिलं आणि पुढं जोडलं, 'कंद चित्रकाराच्या लहानपणच्या ओळखीवरून.'

"आणि सोनाजी," ते हळूच म्हणाले, "ती वेल कुठं आहे, हे मलासुद्धा सांगू नकोस."