काकूंचा होकार

फोनवर यंत्राचा गोड आवाज "नमस्कार" म्हणाला की मला कुडपणच्या पठाराच्या कडेवरचा वारा आठवतो, कारण तेव्हा गावात रेंज फक्त तिथेच मिळायची. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. शेजारच्या काकूंचा एकुलता एक मुलगा मुंबईत बांधकामावरून पडला होता, आणि हॉस्पिटलचा फोन यंत्रच उचलायचं. माझा फोन कानाशी धरून काकू तासभर तिथे उभ्या होत्या. शेवटी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "ही बाय नुसती नमस्कार करते रे, पुढं बोलतच नाय." मी स्पीकर लावला. "आपला रुग्ण आमच्याकडे दाखल आहे का?" आवाजाने विचारलं. "हाय, हाय," काकू जीव तोडून म्हणाल्या. "नमस्कार," म्हणत आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्यांचा होकार त्याला इंग्रजीतला रामराम वाटत होता. मी स्पीकर बंद करून फोन घेतला आणि "आहे" म्हणालो, तशी लगेच नर्स फोनवर आली. नाव ऐकून ती म्हणाली, "आत्तापर्यंत शुद्धीवर होते, आईशी बोलायचंय म्हणत होते. आता शुद्ध गेलीय." तो नंतर शुद्धीवर आलाच नाही. काकूंना मी तेव्हा नर्सचं फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. त्याआधीचं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.