हँडल तू फिरव

सरांनी आधी आडनाव विचारलं. मग म्हणाले, "पप्पा शुं करे छे?"

मी म्हटलं, पांडेसरा भागात डाइंग मिलमध्ये आहेत.

"ऑपरेटर?"

"नाही सर. हेल्पर."

सरांनी मान हलवली. त्यांना पाहिजे ते सापडलं होतं.

"तो हेन्डल तू फेरव. तारा हाथ कामना छे."

मग हँडल तू फिरव, तुझे हात कामाचे आहेत. हे त्यांनी शिवी म्हणून म्हटलं नाही. कौतुक म्हणून म्हटलं. बॅचमधले बाकीचे तिघं हसलेसुद्धा नाहीत. त्यात हसण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. एक जण टॉर्कच्या डायलपाशी गेला, एक मुलगी कोन वाचायला उभी राहिली, केयूरनं पेन काढलं. मी बाह्या वर केल्या अन् हँडल धरलं.

सुरतेतलं पॉलिटेक्निक. मेकॅनिकलचा डिप्लोमा, दुसरं वर्ष. त्या प्रॅक्टिकलला टॉर्शन टेस्ट म्हणतात. गोधडी धुतली की दोघी बायका दोन टोकं धरून पिळतात ना, तसंच. इथं गोधडीच्या जागी लोखंडाची सळई. एक टोक जबड्यात घट्ट धरून ठेवायचं, दुसरं फिरवायचं. किती जोर लावला ते एका डायलवर दिसतं, किती अंशांत पिळली ते दुसऱ्यावर. दोन्ही आकडे घ्यायचे, सळईची लांबी अन् व्यास घ्यायचा, सूत्रात घालायचं. मग ते लोखंड पिळायला किती कडक आहे, त्याचा आकडा निघतो.

हँडल मारणारा उभा राहतो मशीनच्या शेवटाला. तिथून दोन्ही डायल दिसत नाहीत. दिसते फक्त सळई, अन् तिच्यावर खडूनं मारलेली सरळ रेघ. हँडल फिरवत गेलं की ती रेघ हळूहळू सळईला गुंडाळत जाते. मी दोन वर्षं तेवढीच रेघ बघितली.

खरं सांगतो, मला हा विषय फार आवडायचा. शाफ्टचा व्यास दुप्पट केला, की तेवढ्याच जोराला तो आधीच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच पिळतो. निम्मा नाही, पाव नाही, सोळावा हिस्सा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लिंबायतच्या आमच्या खोलीत एकटाच हसलो होतो. आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "सोळावा? बरं मग." अन् भाकरी उलटली. मला कोणाला तरी सांगायचं होतं, एवढंच.

पुस्तकात त्या लोखंडाचा आकडा छापलेला आहे. ऐंशी. पण मला तो माझ्या डोळ्यांनी काढायचा होता. काटा हलताना बघायचा होता, कोन लिहायचा होता, भागाकार करायचा होता. यापेक्षा जास्त काही मागणं नव्हतं माझं. एकदा सरांना विचारलं, सर, आज मी रीडिंग घेऊ का? सर म्हणाले, "तू फिरवतोस ते बराबर आहे. बाकीच्यांना झेपत नाही." सर मराठी बोलायचे. आमच्याशी काम काढायचं असलं की बोलायचे.

दुसऱ्या लॅबमध्येही तसंच. घण तू मार. वजनं तू उचल. तेल तू पुस. एकदा शिक्का बसला की कोण पुसतो? मीही गप गुमान करत राहिलो. आपण मेहनती आहोत, असं मनाला सांगत राहिलो.

केयूर माझा दोस्त होता. होता म्हणतो. आम्ही एका बाकावर बसायचो, तो माझ्या डब्यातला ठेचा खायचा, डोळ्यांतून पाणी काढत खायचा. माझ्या गाडीवर मागं बसून यायचा. त्याच्या बापाचा रिंगरोडला साड्यांचा धंदा. तो मला कधी वेडंवाकडं बोलला नाही. म्हणून तर मी त्याला आपला मानलं.

तिसऱ्या वर्षी पालकांना बोलावलं. बापानं अर्धा दिवस रजा टाकली. घासून घासून हात धुतले, तरी नखांत निळा रंग राहिलाच. डाइंगमधल्या माणसाच्या नखांतला रंग निघत नाही. बाप बोटं मुठीत धरून सरांपुढं उभा राहिला.

सर म्हणाले, "आपका लड़का हैंडल बहुत अच्छा घुमाता है. मेहनती है."

बापाचा चेहरा असा उजळला, की मला खाली बघावं लागलं. त्यानं मुठी सोडल्या, निळ्या नखांचे दोन्ही हात जोडले. म्हणाला, "थँक्यू सायेब. लई उपकार. त्याले काम सांगत जा. कोणत्याच कामाले नाई म्हननार नाई तो."

माझा बाप भुसावळकडच्या खेड्यातून इथं आला तेव्हा त्याला दोनच इंग्रजी शब्द यायचे, असं आई चिडवायची. थँक्यू त्यातला एक. तो त्यानं सरांना दिला.

येताना त्यानं गाडी थांबवून वाफवलेल्या डाळीचा लोचो घेतला. गल्लीत शिरल्यावर बुद्धविहारापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, सायबानं स्वतःच्या तोंडानं तारीफ केली पोराची. आईला सांगितलं. शेजारच्या काकूंना सांगितलं. मी लोचो खाल्ला. काय सांगणार होतो मी त्याला?

त्यानंतरच्याच आठवड्यात पुन्हा टॉर्शन. मी हँडल मारत होतो. जरा दम घ्यायला थांबलो, अन् कशाला काय माहीत, केयूरच्या वहीत डोकावलो.

तक्ता भरलेला होता. सगळा. शेवटच्या ओळीपर्यंत. सळई अजून अर्धीसुद्धा पिळली नव्हती, अन् त्याच्याकडं तुटल्यावरचा आकडाही लिहून तयार. खाली उत्तर, ऐंशी. शेजारी सीनियरची जुनी वही उघडी.

मी विचारलं, "अरे, मग मी हे फिरवतोय कशाला?"

केयूर म्हणाला, "सर जुए छे ने, यार." सर बघतायत ना, म्हणून.

आधी मला वाटायचं, माझी मेहनत हे लोक वापरतात. तेवढंही नव्हतं. माझी मेहनत कोणाला नकोच होती. डायलपाशी उभे असलेले दोघं डायल बघतच नव्हते. फक्त मी फिरवताना दिसायला पाहिजे होतो. एक जण घामाघूम दिसला की प्रॅक्टिकल चाललंय असं वाटतं. अन् तो एक जण कोण, ते माझं आडनाव विचारलं तेव्हाच ठरलं होतं. त्यासाठी माझा बाप हात जोडून थँक्यू म्हणून आला होता.

मी त्या दिवशी सळई तुटेपर्यंत फिरवलं. ती तुटली. कोणी वळून बघितलं नाही.

मग परीक्षा आली. चिठ्ठीत आमच्या बॅचला टॉर्शनच निघालं. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसलेले, आमचे सर मशीनपाशी. सरांनी बोट दाखवलं, हँडलकडं. बोलायचीही गरज नव्हती.

मी जागचा हललो नाही. म्हणालो, "सर, आज रीडिंग मी घेणार. हँडल केयूर फिरवेल."

माझा आवाज कापत होता. चांगलाच कापत होता. केयूरकडं बघितलं. मला खात्री होती तो येईल. दोन वर्षांत एकदा तरी. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "ए मारुं काम नथी."

ते माझं काम नाही. रागानं नाही म्हणाला. उजव्या हातानं जेवतात, डाव्यानं नाही, असं कोणी सांगावं, तसं म्हणाला. ठेचा खाऊन रडणारा माझा दोस्त. सरांचं मला एवढं लागलं नव्हतं. हे लागलं. अजून लागतं.

सर म्हणाले, "करवुं होय तो कर, नहीं तो बहार जा."

मी बाहेर गेलो नाही. एकटाच करायला लागलो. हँडलला एक फेरा द्यायचा, चालत डायलपाशी यायचं, जोर वाचायचा, कोन वाचायचा, लिहायचं, परत हँडलकडं. बाकीचे तिघं मागं उभे राहून सीनियरच्या जुन्या वहीतून उतरवत होते. परीक्षक मोबाइल बघत होते. काटा हलताना मी पहिल्यांदा बघितला. आधी सरळ चढला, मग एका जागी आळसावला. पुस्तकातल्या आलेखाची ती वळलेली रेघ माझ्या समोर, माझ्या हातानं तयार होत होती. आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू येत होतं. इतकं सोपं होतं हे, अन् एवढ्यासाठी दोन वर्षं मला यांनी त्या टोकाला उभं ठेवलं.

भागाकार केला. उत्तर आलं एकसष्ट. मशीन जुनं. जबडा सैल आहे, हँडलचा सुरुवातीचा फेरा पोकळ जातो, सळई पिळतच नाही अन् कोन मात्र पुढं सरकतो. हे ते हँडल मारणाऱ्यालाच कळणार, दुसऱ्या कोणाला कळणार? मी आकड्याखाली तसं लिहिलं.

सर वाकून बघून म्हणाले, "एंसी लख." ऐंशी लिही.

"सर, एवढंच आलं."

"बधाने एंसी आव्या छे." सगळ्यांना ऐंशीच आलेत.

"मला एकसष्ट आले, सर."

मी एकसष्टच ठेवले. रिझल्ट लागला. बॅचमधले तिघं पास, मी प्रॅक्टिकलला नापास. नोकऱ्या द्यायला कॅम्पसला कंपनी आली तेव्हा मी गेटबाहेर उभा होतो. नापास म्हणून आत सोडलं नाही.

बाप मला न विचारता कॉलेजात गेला. पुन्हा हात जोडले असतील. सर त्याला म्हणाले, तुमच्या पोराला काम करायची लाज वाटते. संध्याकाळी घरी आला, चप्पल काढली, भिंतीला टेकून बसला. ओरडला नाही.

"काहून रे? हँडलच तर फिरवायचं होतं."

तेव्हा मी सगळं सांगितलं. आडनावापासून सांगितलं. भरलेला तक्ता सांगितला. सर बघतायत ना, ते सांगितलं. आई मध्येच उठून स्टोव्हपाशी गेली अन् आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, मिलमध्ये रंग मोजायची वेगळी खोली असते. कोणत्या रंगाची किती भुकटी, तराजूवर मोजतात. एवढी वर्षं झाली, त्याला त्या खोलीत ड्रम ठेवायला सोडतात, तराजूला हात लावू देत नाहीत. एकदा त्यानं विचारलं होतं. मुकादम म्हणाला, तू पहिलवान माणूस, बारकं काम तुझं नाही. बाप तेव्हा हसला होता. गल्लीत येऊन सांगितलंही होतं, मला पहिलवान म्हणतात.

सांगता सांगता तो थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, मी बघत होतो. मीच उतरवला तो. पण काय करू, खरं होतं.

"अन् मी त्याले थँक्यू म्हनून आलो रे," तो म्हणाला. "हात जोडून थँक्यू म्हनून आलो मी त्याले."

तो रडला. माझा बाप आजीच्या मयतीलाही रडला नव्हता. त्या रात्री जेवला नाही. पूर्वी रोज विचारायचा, आज सायबानं काय शिकवलं. आता विचारत नाही. मी घरात शिरलो की हात मांडीखाली घेऊन बसतो.

काही दिवसांनी केयूरनं निरोप आणला. सरांना भेट, ते मिटवून टाकतील. मी गेलो. स्टाफरूममध्ये बाकीचे सरही होते.

सर म्हणाले, "सॉरी कही दे. एटले पत्युं." सॉरी म्हण, की मिटलं. "पुढच्या वेळी मी बघतो तुझं."

मी त्यांच्याशी मराठीत बोललो. त्यांना चांगलं कळतं मराठी.

"सर, माझा बाप तुम्हाला थँक्यू म्हणून गेलाय. ते परत द्या."

"शुं?"

"हात जोडून म्हणाला होता. तुमचं नव्हतं ते. परत द्या."

सरांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मग दाराकडं बोट दाखवलं. मी उभा राहिलो. शिपायानं दंडाला धरलं तेव्हा बाहेर आलो. आता आवाज कापत नव्हता.

मी परत फॉर्म भरलाय. परीक्षा त्याच लॅबमध्ये आहे, मशीन तेच आहे, सर तेच असतील. माझं मी फिरवीन, माझं मी वाचीन, येईल तो आकडा लिहीन. नापास केलं तर पुन्हा बसेन. अन् दर वेळी आत शिरलो की आधी त्यांच्या टेबलाशी जाईन, सगळ्यांच्या देखत उभा राहीन आणि माझ्या बापाचं थँक्यू मागेन. देत नाहीत तोवर मागेन.