नवऱ्याच्या मागे सहा मिनिटं

धावड्याची माझी उषामावशी चालायला लागली की मागच्याने धापा टाकाव्यात. शेतातून येताना डोक्यावर गवताचा भारा आणि तोंडाने माझी खरडपट्टी, दोन्ही एकदमच चालायचं. फक्त रखमाजीकाका सोबत असले की तिचा वेग बैलगाडीचा. नवऱ्याच्या मागेच चालायचं, हे ती सासरी पहिल्या दिवशी शिकली आणि पुढे कोणी तिला ते विसरू दिलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढता येईल. पण फुप्फुसाचा तुकडा गेल्यावर शरीर तग धरेल का, की न्यूमोनियासारखं काही उद्भवेल, याचा अंदाज आधी घ्यायला हवा. त्यासाठी परीक्षा काय, तर दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं जमेल तितकं भरभर चालायचं. मी मनातल्या मनात हसले. ही परीक्षा तर मावशी डोळे झाकून पास होणार!

मी औषधांच्या रांगेतून परतले तोवर ती नापास झाली होती. डॉक्टर म्हणाले, "एवढंच चालवत असेल तर ऑपरेशन जोखमीचं आहे." काका मटकन बाकावर बसले. मला रडूच फुटलं.

"लई दम लागला का गं, मावशी?"

"मला कशाचा दम? ह्यांचेच गुडघे दुखून राह्यले होते."

तेव्हा उलगडा झाला. मावशीला घेरी येईल या धास्तीने काकाही व्हरांड्यात उतरले होते. चाचणी घेणाऱ्या अर्पिता मॅडमना त्याचं कौतुक वाटलं आणि त्यांनी चालू दिलं. मावशी आपली इमानाने काकांच्या मागे मागे.

"मंग पुढं का न्हाई गेलीस?"

"चारचौघांत नवऱ्याला वलांडून जाऊ? काय बोलतीस!"

मी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की दोघांना फैलावर घ्यावं, कळेना. अर्पिता मॅडम ओशाळल्या. थोड्या विश्रांतीनंतर चाचणी पुन्हा घ्यायची ठरली.

"काका, बिलकुल उठायचं न्हाई," मी बजावलं.

मावशीने पदर खोचला आणि काकांकडे पाहिलं. "जा जल्दी," काका म्हणाले. मावशी जी सुटली! वाटेत आलेल्या वॉर्डबॉयला "सरक बाजूला" म्हणून दटावलंसुद्धा. कागद पाहून डॉक्टर हसले. म्हणाले, "धोका अगदीच नाही असं नाही, पण बाईंमध्ये दम आहे."

ऑपरेशन पार पडलं. दुखलं-खुपलं, पण मावशी उठली. परवा मी धावड्याला गेले तर दोघं शेताकडे निघाले होते. मावशी हल्ली जरा सावकाश चालते, तोंड मात्र पूर्वीच्याच वेगात. बांध आला तशी ती सवयीने थांबली, काकांना पुढे जाऊ द्यायला.

काका हलेनात.

"तूच हो पुढं," ते म्हणाले. "मागं राह्यलीस की तू मला दिसत न्हाईस. भ्या वाटतं."