वकीलबाईंचा चहा

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी त्या मुलीला आधी नाव विचारलं, मग हुद्दा विचारला, मग कुठल्या वॉर्डातून बोलतेस ते विचारलं. ती बिचारी म्हणाली, "आंटी, मी सिस्टर बोलतेय, तुम्ही लवकर या." मी म्हटलं, "लवकर म्हणजे काय? काय झालंय ते नीट सांग." मग तिने नीट सांगितलं... फोन ठेवला आणि मी तशीच खुर्चीत बसून राहिले. अनोळखी माणसाने फोनवर काही सांगितलं की आधी त्याचीच उलटतपासणी घ्यायची, ही सवय मला लावली होती आक्काने. आणि तिच्याच जाण्याची बातमी मी अशी, चार प्रश्न विचारून, खात्री करून घेतली. ती असती तर म्हणाली असती, "बरोबर केलंस, पुष्पा."

आक्का म्हणजे माझी नणंद, ॲडव्होकेट विमल साळवे. आमच्याकडच्या भाडे नियंत्रण कार्यालयाची ती कित्येक वर्षं प्रमुख वकील होती. भाईंदरमधल्या जुन्या भाड्याच्या खोल्या, आजूबाजूच्या गावांतली भाड्याची घरं, त्यांचे मालक, त्यांचे भाडेकरू, सगळ्यांची भांडणं तिच्या टेबलावरून जायची. मालक म्हणायचा, हा इथे राहतच नाही, खोली नुसती अडवून बसलाय. भाडेकरू म्हणायचा, मी इथेच राहतो, मेलो तरी इथेच मरेन. दोघांकडे कागद असायचे आणि दोघं शपथेवर बोलायचे. खरं कोण ते आक्का ठरवायची. म्हणजे निकाल साहेब द्यायचे, पण तिचा अभिप्राय गेला की तो ठरल्यातच जमा असायचा.

आणि ती कोणावरही विश्वास ठेवायची नाही, अगदी कोणावरही. लाइट बिल दाखवलं तर म्हणायची, दिवे काय कोणीही लावतं. शेजाऱ्याने साक्ष दिली तर त्या शेजाऱ्याचं ह्यात काय आहे ते आधी शोधायची. तिची स्वतःची एक रीत होती. न कळवता त्या घरी जायची, चप्पल काढून आत बसायची आणि घरातल्या बाईला म्हणायची, "जरा चहा टाका ना, डोकं चढलंय." मग बघत बसायची. राहत्या घरातली बाई बोलता बोलता हात लांब करते आणि साखरेचा डबा काढते, डब्याकडे बघतसुद्धा नाही. दोन दिवसांपूर्वी गावावरून आणून बसवलेली बाई एक डबा उघडते, त्यात डाळ निघते, दुसरा उघडते, त्यात साबुदाणा. "साखर शोधावी लागली की खटला संपला," असं आक्का म्हणायची. तिच्या हाताखालचे सगळे ज्युनिअर हेच शिकले. निकम नावाचा एक जण तर तिची नक्कल करायचा, डोकं चढल्याचा चेहरा करून.

एका रविवारी ती मला भाईंदरजवळच्या मुर्धा गावात घेऊन गेली होती. मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाली, "दोन बायका गेल्या की लोकांना वाटतं पाहुण्या आल्या." तिथे एक मासे विकणारी बाई होती, हिराबाई. मालकाला ती जागा बिल्डरला द्यायची होती आणि तो म्हणत होता की ही बाई तिथे राहतच नाही, तिच्या भावाकडे पालीला असते. हिराबाई छातीवर हात ठेवून सांगत होती, "माजा घर हाय बाय हे. मी दुसरीकडं कुठं न्हाय जात." आक्काने चहा मागितला. हिराबाई उठली आणि फळीवरचे डबे काढायला लागली. एक उघडला, मीठ. दुसरा उघडला, तांदूळ. मग ती नुसतीच उभी राहिली, हातात झाकण घेऊन. नवरा कुठाय विचारलं तर म्हणाली दवाखान्यात, ॲडमिट. आक्काने माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली. परत येताना रिक्षात मीच तिला म्हटलं, "काय पकडलंस गं!" आज तिथे बिल्डिंग उभी आहे, खाली सलून आणि मोबाइलचं दुकान.

मी आक्काकडे राहायला आले ती सुधाकर गेल्यावर. सुधाकर माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझी आई म्हणाली होती, "नणंद आहे, त्यात वकील. जपून राहा." मी जपूनच आले. टेलिफोन खात्यात माझी पहाटेची ड्यूटी असायची, तेव्हा पहिल्याच सकाळी अंधारात उठून मी ओट्याकडे गेले, तर ही आधीच उभी. म्हणाली, "तू बस. चहा मी देते." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ओट्याला हात म्हणून लावू द्यायची नाही. संध्याकाळचा स्वयंपाकही तिचाच, माझ्या वाट्याला भांडी, कपडे आणि बाजार. तुम्हाला खरं सांगते, मला त्यात काळंबेरं दिसायचं. मला वाटायचं, ही मला दाखवतेय की घर कोणाचं आहे. बाहेर भाडेकरूंच्या बाजूने भांडते आणि घरात मलाच भाडेकरू करून ठेवलंय! एकदा रागाने बोलूनही दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांच्या घरात बसून संशय घेते गं मी. सकाळी एका तरी माणसाला, काही न विचारता, हातात कप द्यावासा वाटतो... घे की मुकाट्याने." मी मुकाट्याने घेतला. तेव्हापासून शेवटपर्यंत घेतला.

लोकांना मात्र तिच्याबद्दल भलतीच खात्री होती. एवढी मोठी वकील आणि जुन्या इमारतीत एक खोली, एक स्वयंपाकघर, तेही भाड्याचं? शक्यच नाही! मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये तिचे फ्लॅट आहेत, बिल्डरने दिलेत, असं आमच्या जिन्यावरचे लोक माझ्यासमोर बोलायचे. माझ्याही मनात यायचं, उगाच कशाला नाही म्हणू. विचारलं तर हसली. "घर घेतलं की मी मालक झाले. मग मालकांना शिव्या कोणत्या तोंडाने घालू?"

पुढे तिला डायबेटिस निघाला आणि आमच्या घरात खरं युद्ध सुरू झालं. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. मी घरातली साखर सगळी फेकून दिली. पण सकाळी माझ्या हातात येणारा चहा गोडच! म्हणजे घरात साखर होती. "तुझ्यापुरती आणलीय," ती म्हणायची, "माझा बिनसाखरेचा." मी काय दूधखुळी आहे? एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिच्या कपातला चहा चाखून बघितला. पाक नुसता! मग मी डबा शोधायला लागले. ओट्याखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, तांदळाच्या डब्यात हात घातला. नाही म्हणजे नाही सापडला. आयुष्यभर लोकांच्या लपवाछपव्या पकडलेली बाई, तिने स्वतः लपवल्यावर कोणाला सापडणार? मी चिडले की ती लहान मुलीसारखी खुश व्हायची.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तिला बोलायला धाप लागत होती. तरी माझा हात धरून विचारते काय, "साखर सापडली का गं तुला?" मला असा राग आला... ह्या साखरेनेच तिला तिथे आणून झोपवलं होतं. मी म्हटलं, "हो, सापडली. सगळी फेकून दिली." खोटं बोलले, निव्वळ जिरवायची म्हणून. तिने डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या मुर्ध्याच्या बाईला एक विचारायचं राहिलं माझं." काय विचारायचं राहिलं ते मी विचारणार होते, पण सिस्टर आली आणि मला बाहेर काढलं.

आक्का गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. बुद्धवंदना झाली, लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले. पण मी बघत होते की काही जण फोटोकडे बघतायत आणि काही जण भिंतींकडे. घरमालकाचा पुतण्या मोठा हार घेऊन आला होता. हार घातला आणि जाता जाता स्वयंपाकघराची भिंत बोटाने वाजवून बघितली. मला म्हणाला, "भाभीजी, अभी अकेले कैसे रहोगे? मीरा रोड में कोई तो होगा आपका?" मी म्हटलं, "मेरा कोई नहीं है. मैं इधरही रहती हूँ." "हाँ, हाँ, वो तो हैही," म्हणाला. असं गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय.

आणि तसंच झालं. जुन्या भाड्याच्या घरात भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर खरोखर राहणाऱ्या घरच्या माणसाला ते घर राहतं. कोणी राहत नसेल तर मालकाला परत. मालकाने आक्काच्याच कार्यालयात अर्ज केला की वकीलबाई एकट्या राहत होत्या, ही भावजय नंतर येऊन बसलीय. माझ्या कागदांवर अजून सुधाकरच्या वेळचा पत्ता होता. बदलू, बदलू म्हणत राहून गेलं. वकिलाच्या घरात, बघा! शेजारच्या गुजराती भाभीने साक्ष दिली. त्यावर मालकाचं म्हणणं, ती तर मैत्रीण आहे त्यांची. माझ्या डोक्यावरचं छप्पर राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता. आणि तो ठरवायला, न कळवता, एका दुपारी दारात उभा राहिला निकम.

मी त्याला ह्या घरात कितीदा जेवताना बघितलंय. पण जेवायचा तो रात्री, आक्काबरोबर, आणि तेव्हा मी आवरून झोपायच्या तयारीत असायचे. मी इथे राहते की चार दिवस आलेय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि माझी नजर चुकवत म्हणाला, "काकू, जरा चहा मिळेल? डोकं चढलंय."

आक्का हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून मी कँटीनचा चहा प्यायले, ती गेल्यावर शेजारच्या भाभी रोज थर्मास पाठवायच्या. घरात मी चहाच केला नव्हता. करावासाच वाटला नव्हता. तरी उठले. एक डबा उघडला, हरभऱ्याची डाळ. दुसरा उघडला, साबुदाणा. तिसऱ्याचं झाकण हातात राहिलं आणि मला हिराबाई दिसली, अशीच उभी राहिलेली. निकम बघत होता. त्याला शिकवलंच होतं तसं बघायला. तेव्हा मला कळलं की आक्का हॉस्पिटलमध्ये काय विचारत होती. तिला माहीत होतं, हे येणार. तिचीच माणसं, तिच्याच रीतीने येणार. साखर सापडली म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता... आणि मी खोटं बोलले होते.

"नाही सापडत," मी म्हटलं. "लिही जा! पुष्पा साळवेला साखर सापडली नाही म्हणून लिही." माझा आवाज चढला होता. "चहा तुमची मॅडम करायची. रोज करायची. मला ओट्याजवळ उभं करायची नाही. हे बसतं का तुमच्या रीतीत?"

तो उठला. बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "काकू, मॅडमचा कोट... कोणाला द्यायचा नसेल तर मला हवा होता." मला तेही खरं वाटलं नाही. म्हटलं, हा कपाट उघडून बघणार, त्यात माझ्या साड्या आहेत की नाही. बघ म्हटलं, बघ! तरातरा गेले आणि कपाट उघडलं. माझ्या साड्या होत्याच. त्यांच्या शेजारी आक्काचा काळा कोट, आणि तो हँगरवरून काढला तर मागे, फळीच्या कोपऱ्यात, स्टीलचा लहानसा डबा. उघडला. साखर, आणि त्यात रोवलेला चमचा.

निकमने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणायला काय लागत होतं? हो म्हटलं असतं तर खटला तिथेच संपला असता, आक्काच्या भाषेत. पण मी म्हटलं, "नाही. माहीत असतं तर कधीच फेकून दिली असती. माझ्यापासूनच लपवली होती." तो डब्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम असत्या तर ह्यावर विश्वास ठेवला नसता त्यांनी." मी म्हटलं, "नसताच ठेवला." आणि मग तोंडातून निघून गेलं, "मुर्ध्याला, त्या हिराबाईच्या घरी, सकाळचा चहा कोण करायचं रे? ती तर पहाटेच मासे घ्यायला बाहेर पडत असणार, आणि नवरा तेव्हा दवाखान्यात होता. विचारलं होतं का कोणी?" निकमने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. कोट त्याने परत हँगरला लावला, आपल्या हाताने, आणि गेला.

त्याने काय लिहिलंय मला माहीत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवू की नको, तेही ठरत नाही. हिराबाई खरं बोलत होती का, हे आता कोणाला विचारणार? तिला शोधायला मी मुर्ध्याला जाऊन आले. त्या बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं, "इधर ऐसा कोई नहीं रहता." सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मी एकटीच जाणार आहे, वकील न करता. साहेबांना सांगणार आहे की साखर कुठे आहे ते विचारू नका, चहा कोण करायचं ते विचारा. आक्काचं विचारायचं राहिलं होतं, ते मी विचारणार.

आता सकाळी चहा मी करते. दोन कपांचं आधण ठेवते, मग एक कप पाणी काढून टाकते... रोज हेच होतं. ओट्यावर डबा ठेवायला हवी तेवढी जागा आहे. शेजारच्या भाभी तर म्हणाल्या, "पुष्पाबेन, इधर रख दो ना, फिर कोई आयेगा तो?" येऊ दे. कोणी आलं, चहा मागितला, तर मी गॅस पेटवीन, बाहेरच्या खोलीत जाईन, कपाट उघडीन, काळा कोट बाजूला करीन आणि डबा काढीन. चहात साखर घातली की डबा परत कोटामागे ठेवीन. बघू दे त्यांना. ह्या घरात साखर तिथेच असते.